परोक्ष आघात आणि मदतकर्त्यांचे मनोबल

परोक्ष आघात : दुसऱ्यावर ओढवलेल्या भीषण प्रसंगाशी कामानिमित्त पुन्हा पुन्हा संबंध आल्याने मदत करणाऱ्याच्याच मनात घडून येणारा बदल. अग्निशमन जवान, १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, अत्याचाराचे जबाब नोंदवणारे पोलीस, शवविच्छेदनगृहातले कर्मचारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते अशा सर्वांना तो होऊ शकतो. घर त्यांचे पडलेले नसते, माणूस त्यांचे गेलेले नसते. त्यामुळे ‘तुला काय झालंय?’ असे घरच्यांनी विचारले तर सांगण्यासारखे काही सापडत नाही.

लिसा मॅकॅन आणि लॉरी ॲन पर्लमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. आघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्यांकडे पाहताना त्यांना दिसले, की प्रश्न केवळ दमण्याचा नाही. सुरक्षितता, विश्वास, स्वतःविषयीचा आणि इतरांविषयीचा आदर, जवळीक आणि परिस्थितीवरचा ताबा यांविषयी माणसाने मनात बांधलेल्या धारणाच हलतात. बालअत्याचाराची प्रकरणे हाताळणारी समुपदेशक आपल्या मुलीला शेजारी खेळायलाही पाठवेनाशी होते. महामार्गावरचे अपघात रोज पाहणारा चालक घरातल्या कुणाला रात्री गाडी काढू देत नाही. दोघांनाही हा आजार वाटत नाही, शहाणपण वाटते. परोक्ष आघात लवकर ओळखू येत नाही तो यामुळेच.

आजूबाजूच्या संज्ञांची सरमिसळ नेहमी होते. ‘बर्नआउट’ हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मानसशास्त्रात आणला. कामाच्या रेट्याने येणारा तो थकवा बँकेतल्या कारकुनालाही येऊ शकतो, त्यासाठी मृतदेह पाहावा लागत नाही. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये रूढ केलेला ‘करुणेचा थकवा’ आणि त्याच्या जोडीचा ‘दुय्यम आघातजन्य ताण’ या संज्ञा झोप उडणे, दृश्ये डोळ्यांसमोर येणे, दचकणे अशा लक्षणांवर भर देतात; हा ताण एखाद्याच प्रसंगानंतरही येऊ शकतो. परोक्ष आघात मात्र साचत जातो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. आघातोत्तर ताणविकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, कारणांमध्ये कामानिमित्त भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जाणे तिने स्पष्टपणे धरले आहे. मानवी अवशेष गोळा करणारे मदतकर्मी आणि बालशोषणाचे तपशील सतत हाताळणारे पोलीस ही उदाहरणेही दिली आहेत. घरी बसून दूरचित्रवाणीवर तेच पाहणे तिच्या व्याख्येत बसत नाही. कामाचाच भाग म्हणून चित्रफिती तपासणाऱ्याला मात्र ती लागू होते.

भारतात हा विषय चारचौघांत बोलला गेला तो २ जून २०२३ च्या बालासोर रेल्वे अपघातानंतर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी दिल्लीतल्या एका परिषदेत सांगितले, की बचावकार्यातून परतलेल्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसते आणि दुसऱ्याची भूक गेली आहे. दलप्रमुखाने हे उघडपणे बोलणे हाच एक उपाय होता, असे म्हणता येईल. कारण खाकी कपड्यांतल्या कामात ‘सवय होते’ हे वाक्य आल्या दिवसापासून ऐकवले जाते आणि ज्याला सवय होत नाही तो गप्प बसतो.

मनोबल म्हणजे दगडासारखे होणे नव्हे. तसे झालेला माणूस कामाला निरुपयोगी होतो, घराला त्याहून अधिक. मनोबल म्हणजे हललेल्या धारणा पुन्हा जागेवर येण्याची क्षमता. ती कुठून येते यावर मतभेद आहेत. योग, छंद, चालणे, पुरेशी झोप अशी ‘स्वतःची काळजी’ घेण्याची यादी प्रशिक्षणांत हमखास दिली जाते. त्यात वाईट काही नाही. पण कॅनडातल्या टेड बोबर आणि शेरिल रेगर यांच्या २००६ च्या अभ्यासाने या यादीला चांगलाच धक्का दिला. समुपदेशकांचा अशा उपायांवर विश्वास होता. मात्र या उपायांना दिलेला वेळ आणि आघाताची लक्षणे कमी असणे यांत संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो आठवड्यात किती तास आघातग्रस्तांसोबत जातात याच्याशी. म्हणजे गुंतवणूक करायची तर ती ड्युटीच्या तक्त्यात. प्रकरणे वाटून देणे, कठीण कामानंतर हलके काम देणे, हक्काची रजा मंजूर करणे हे वरिष्ठांच्या हातातले उपाय आहेत. जवानाला श्वसनाचे व्यायाम शिकवून वरिष्ठांची ही जबाबदारी टळत नाही.

प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना बसवून बोलते करावे की नाही, हा वाद जुना आहे. स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये त्याची एक टप्प्याटप्प्यांची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात एकाच बैठकीतल्या अशा चर्चेने आघातोत्तर ताणविकार टळत नसल्याचे, उलट काहींना अपाय होत असल्याचे दिसले. हे प्रयोग मुख्यतः अपघातग्रस्तांवर आणि एकेकट्यावर झालेले होते, एकत्र काम करणाऱ्या तुकड्यांवर नव्हे, असे त्या पद्धतीचे समर्थक सांगतात. आक्षेपात तथ्य आहे. तरीही सक्तीने बोलते करणे आता बहुतेक मार्गदर्शिकांनी बाजूला ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ एवढेच सांगते. ज्याला बोलायचे त्याचे ऐकावे, ज्याला नाही त्याला चहा द्यावा.

सोबत्यांचा आधार ही गोष्ट मात्र प्रशिक्षणांच्या आधीपासून आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना गेले. त्या तारखेला आजही देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. दरवर्षीची मानवंदना ही शोकाला दलाने दिलेली जागा आहे. अग्निशमन केंद्रातले एकत्र जेवण आणि बाहेरच्याला क्रूर वाटतील असे विनोद हेही त्याच जातीचे. विनोद थांबले तर केंद्रप्रमुखाने लक्ष द्यावे.

एकट्याने ऐकणाऱ्यांना हा आधार नसतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो पुढे महाराष्ट्रभर आणि इतर राज्यांतही गेला. तिथली समाजकार्यकर्ती दिवसभर मारहाणीच्याच हकिकती ऐकते. अशा कामात नियमित पर्यवेक्षण, म्हणजे अनुभवी व्यक्तीसमोर प्रकरण मांडणे आणि त्यात आपण कुठे अडकलो हे बोलणे, महत्त्वाचे मानले जाते. हिशेब मागणारी आढावा बैठक वेगळी आणि हे वेगळे. प्रत्यक्षात दोन्हींना ‘मीटिंग’ म्हणतात आणि पर्यवेक्षण आढाव्यात बुडते.

नाण्याला दुसरी बाजूही आहे. पिलार हर्नांडेझ, डेव्हिड गँगसी आणि डेव्हिड एंगस्ट्रॉम यांनी कोलंबियातल्या बोगोटा शहरात राजकीय हिंसाचारग्रस्तांवर उपचार करणाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये ‘परोक्ष मनोबल’ ही संकल्पना मांडली. पीडिताला सावरताना पाहून उपचारकालाही बळ येते, स्वतःच्या अडचणी आटोक्यातल्या वाटू लागतात. पण त्यासाठी सावरलेला माणूस पुन्हा दिसावा लागतो. रुग्णवाहिकेचा चालक रुग्णाला दारात सोडून पुढच्या कॉलला निघतो. रुग्ण वाचला की नाही हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. रुग्णालयाकडून ते कळवण्याला खर्च फारसा येणार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गट आहे, तो कोणत्याच हजेरीपटावर नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत महाबळेश्वर, पोलादपूर परिसरातले गिर्यारोहक होते. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथेही सरकारी यंत्रणेबरोबर असे स्वयंसेवक राबले. यांना ड्युटीचा तक्ता नाही, त्यामुळे ‘हलके काम’ही नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांनाही खुला आहे. मात्र दरीतून वर आल्यावर त्यांची चौकशी करणे ठरलेले असे कुणाचेच काम नाही. ती करतात ते दोराच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले त्यांचेच मित्र.