आण्यातून टक्क्यात: सूट आणि व्याजाच्या हिशोबाची पार्श्वभूमी

‘रुपयाला दोन आणे सूट’ म्हटलं की पूर्वी गिऱ्हाइकाला पुरत असे. सोळातले दोन, म्हणजे आठवा हिस्सा. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाचं ‘साडेबारा टक्के’ या शब्दावाचून काही अडत नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि शेकडेवारी थेट खिशात आली. दहा टक्के सूट म्हणजे रुपयामागे दहा पैसे, हिशोब संपला.

घोळ झाला तो जुन्या आण्याचा. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. मग सरकारी तक्त्यात पूर्णांक धरले: एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिन्हींचे १९, चारांचे २५. तीन आणे एकदम मोजले तर १९, एकेक करून तीनदा दिले तर १८! मोठ्या खरेदीत हे विरून जाई. पण आण्याच्या वस्तूला दुकानदाराने सात पैसे लावले, की ती बरोब्बर १२ टक्क्यांनी महाग. झळ कुणाला, हे वेगळं सांगायला नको. ‘नवे’ हे विशेषण १९६४ मध्ये गळालं, ‘चार आणे’, ‘आठ आणे’ मात्र तोंडात राहिले.

‘टक्के’ हा शब्द अजूनही फसवतो. गावात ‘दोन टक्क्यांनी पैसे उचलले’ म्हणजे दरमहा शेकडा दोन, वर्षाला चोवीस. बँकेचे बारा टक्के वर्षाचे. पन्नास हजारांवर पहिल्याचं व्याज महिन्याला १,००० रुपये, दुसऱ्याचं ५००. तरी ‘बँक बारा घेते, सावकार दोनच’ असं म्हणणारी माणसं भेटतात. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण जुनी रीत त्यांचीच. बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’तल्या उदाहरणातही व्याज ‘महिन्याला शंभरावर पाच’ असंच येतं. वार्षिक दराची सवय आपल्याला बँकांनी लावली.

आता सेलच्या पाट्या. ‘५० टक्के, वर आणखी २० टक्के’ वाचून मन सत्तर धरतं. हजाराच्या शर्टाचे आधी पाचशे होतात आणि वीस टक्के त्या पाचशेवर लागतात. बिल चारशेचं, सूट साठ टक्के. पाटीवर एक अक्षरही खोटं नसतं. बेरीज आपणच केलेली असते.