जन्माआधी गेलेल्या बाळांचा शोक (कॅथलिक दृष्टिकोन)

आईच्या पोटातच गेलेले बाळ हे ‘कुणीतरी’ होते. म्हणून त्याच्यासाठी रडावे, त्याला नाव द्यावे आणि देवाच्या हाती सोपवावे, अशी कॅथलिक ख्रिस्तसभेची धारणा आहे. गर्भपाताला तिचा असलेला विरोध आणि अशा बाळांसाठी ती करीत असलेली प्रार्थना, दोन्हींचे मूळ याच श्रद्धेत आहे. विरोध सगळ्यांना ठाऊक असतो. प्रार्थनेची मात्र ज्यांना सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्यापर्यंतच ती अनेकदा पोहोचत नाही.

मराठीत ‘पडले’ आणि ‘पाडले’ यांत एका कान्याचा फरक आहे, आणि ‘गर्भपात’ हा शब्द तर दोन्हींना चालतो. ख्रिस्तसभा या दोन घटनांत काटेकोर भेद करते. आपोआप पडलेल्या गर्भाचा कसलाच दोष आईकडे जात नाही. हेतुपुरस्सर केलेला गर्भपात मात्र गंभीर पाप मानला जातो. आईच्या जिवावर बेतले म्हणून कर्करोग झालेले गर्भाशय काढावे लागले आणि त्यात बाळ गेले, तर तो या अर्थाने गर्भपात ठरत नाही, कारण बाळाचा मृत्यू हा तिथे हेतूही नसतो आणि साधनही नसते. पण रिकामी झालेली कूस हा भेद जाणत नाही. दुःख दोन्हीकडे येऊ शकते, आणि दुसऱ्या बाजूच्या दुःखाला तोंड उघडायलाही जागा नसते.

ही शिकवण फार जुनी आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधिकाळातल्या ‘डिडाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथातच गर्भपाताला मनाई आहे. मध्ययुगात थॉमस अक्वायनससारखे विद्वान गर्भात मानवी आत्मा काही काळाने येतो असे मानत. तरीही त्याआधीचा गर्भपात त्यांनी निर्दोष ठरवला नाही. शिक्षेच्या संदर्भात आत्मा आलेला आणि न आलेला गर्भ असा जो फरक केला जाई, तो १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी काढून टाकला. आज गर्भधारणेच्या क्षणापासून त्या जिवाला व्यक्ती म्हणूनच वागवावे, असे धर्मशिक्षण सांगते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात गर्भपाताला आपोआप लागू होणारे बहिष्करण, म्हणजे संस्कारांपासून दूर ठेवण्याची शिक्षा, आहे. मात्र वय, भीती, दडपण, अज्ञान यांमुळे ते लागू न होण्याच्या वाटाही त्याच कायद्यात आहेत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला.

बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांचे काय, हा प्रश्न शतकानुशतके आयांना जाळत आला. ‘लिंबो’ची कल्पना त्यातूनच आली: दुःख नाही, पण देवाचे दर्शनही नाही, अशी जागा. ती श्रद्धेचा बंधनकारक भाग कधीच नव्हती, तरी कित्येक घरांत तिने धास्ती पेरली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवले, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत असे म्हटले. खात्री नव्हे, आशा. या शब्दावर आयोग ठाम राहिला, आणि ते प्रामाणिकपणाचे होते असे वाटते.

याच मुद्द्यावर एक हळवा बदल घडला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९५ रोजी दिलेल्या जीवनविषयक परिपत्रकात, गर्भपात केलेल्या स्त्रियांशी थेट संवाद साधला आहे: धीर सोडू नका, पिता क्षमा करायला तयार आहे. तुमचे बाळ आता प्रभूमध्ये जगत आहे, त्याच्याकडेही क्षमा मागता येईल, असे मूळ मजकुरात होते. अधिकृत लॅटिन पाठात हे वाक्य बदलले. बाळाला आशेने पित्याच्या दयेकडे सोपवता येईल, असे झाले. ईशज्ञानाच्या दृष्टीने दुसरे वाक्य अधिक जपून लिहिलेले आहे. पण पहिले वाक्य ज्यांनी उराशी धरले, त्या आयांना आपण दोष देऊ शकत नाही.

प्रत्यक्ष सेवाकार्यात ‘प्रोजेक्ट रेचल’ हे नाव महत्त्वाचे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी धर्मप्रांतात ते विकी थॉर्न यांनी सुरू केले. नाव आले ते मुलांसाठी आक्रोश करणाऱ्या आणि सांत्वन नाकारणाऱ्या, यिर्मयाच्या ग्रंथातल्या राहेलवरून. अशा कार्यात समुपदेशन आणि पापनिवेदन हातात हात घालून चालतात. पुष्कळदा बाळाला पत्र लिहायला सांगतात. वर्षानुवर्षे ज्याचा उच्चारही झाला नाही, त्याला संबोधताना पहिलाच शब्द अडतो, कारण नावच नसते. मग मुलगा की मुलगी हे ठाऊक नसले तरी आई मनाचा कौल घेऊन नाव ठेवते. बापांचा शोकही आता विचारात घेतला जातो, जरा उशिरानेच. प्रत्येक स्त्रीला असा शोक होतोच असे नाही, आणि मानसशास्त्रज्ञ या दुःखाच्या प्रमाणाबद्दल एकमत नाहीत. पण ज्यांना होतो, त्यांना तो मांडायला जागा हवी.

आपोआप गेलेल्या बाळाच्या आईवडिलांसाठी आशीर्वादविधी आहे. ज्याचा बाप्तिस्मा करायचे त्यांच्या मनात होते, त्याला बिशपच्या परवानगीने ख्रिस्ती अंत्यविधीही मिळतो.

पोलंडमधल्या मार्कोवा गावात २४ मार्च १९४४ रोजी, ज्यूंना आसरा दिल्याबद्दल नाझींनी उल्मा कुटुंबाला ठार केले. विक्टोरिया तेव्हा गरोदर होती. मृत्यूच्या वेळीच बाळ जन्मले. २०२३ मध्ये आईवडील, सहा मुले आणि हे सातवे बाळ, सगळ्यांना एकत्र ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले. बाळाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता; रोमने त्याला रक्ताचा बाप्तिस्मा, म्हणजे हौतात्म्यातूनच मिळालेला बाप्तिस्मा, मानला. सहा भावंडांची नावे घोषणेत आहेत. सातव्याला नाव नाही.