कन्सोल इम्युलेशनची सिग्नल चेनमधली जागा: पार्श्वभूमी

ॲनालॉग कन्सोलची (स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरची) नक्कल करणारे प्लगइन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) चॅनलच्या, म्हणजे एका ट्रॅकच्या मार्गाच्या, पहिल्या इन्सर्टवर (प्लगइन लावायच्या जागेवर) लावावे की इक्यू (वेगवेगळ्या वारंवारता कमीजास्त करणारे साधन) आणि कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातली तफावत घटवणारे साधन) यांच्यानंतर अगदी शेवटी, हा प्रश्न मिक्सिंग करणाऱ्यांमध्ये २०११ च्या आसपासपासून सतत चर्चेत आहे. त्याआधी तो फारसा कुणाला पडला नाही, कारण ज्या काळी मिक्सिंग कन्सोलवरच होत असे त्या काळी सिग्नल चेनचा, म्हणजे सिग्नल ज्या टप्प्यांतून जातो त्या साखळीचा, बहुतेक भाग कन्सोलच्या पोटातच असे आणि त्यातल्या टप्प्यांचा क्रम सर्किट आखणाऱ्याने आधीच ठरवलेला असे.

तो क्रम साधारणपणे असा होता. टेप मशिनवरून आलेला सिग्नल लाइन इनपुटमध्ये शिरे. जुन्या नीव्हसारख्या कन्सोलमध्ये तिथेच त्याला पहिला ट्रान्सफॉर्मर आणि पहिला ॲम्प्लिफायर भेटे. पुढे इक्यू, बाहेरचा कॉम्प्रेसर जोडण्यासाठी इन्सर्ट, मग फेडर (पातळी ठरवणारी सरकपट्टी), फेडरमध्ये घटलेली पातळी भरून काढणारा आणखी एक ॲम्प्लिफायर आणि पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे हे ठरवणारा टप्पा), एवढे टप्पे पार करून तो रेझिस्टरमधून बसवर येई. तिथे सगळे चॅनल एकत्र होत आणि समिंग (बेरीज करणारा) ॲम्प्लिफायर, मास्टर फेडर व आउटपुटचा टप्पा ओलांडून मिक्स बाहेर पडे. म्हणजे कन्सोलचा ‘रंग’ म्हणून ज्याचे कौतुक होते तो एका ठिकाणी चढत नसे. इक्यूच्या आधी थोडा, फेडरनंतर थोडा आणि बसवर थोडा, असा तो साचत जाई.

हा रंग कन्सोलनुसार बदलेही. ईएमआयने १९६८ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत बसवलेल्या टीजी१२३४५ या कन्सोलने व्हॉल्व्हवर चालणाऱ्या आधीच्या रेड (REDD) मालिकेची जागा ट्रान्झिस्टरला दिली. १९७० मध्ये आलेल्या नीव्ह १०७३ या मॉड्यूलमध्ये क्लास ए ॲम्प्लिफायर होते आणि दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या एसएसएल ४००० मालिकेने प्रत्येक चॅनलवर कॉम्प्रेसर आणि गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) दिले, शिवाय इक्यू आणि डायनॅमिक्स (कॉम्प्रेसर व गेट) यांचा क्रम बटणाने बदलण्याची सोय केली. टप्प्यांचा क्रम इंजिनिअरच्या हाती येण्याची सुरुवात म्हणून ही बटणे मला त्या मालिकेतल्या गाजलेल्या बस कॉम्प्रेसरइतकीच महत्त्वाची वाटतात.

क्रमाला महत्त्व का आहे, हे ट्रान्सफॉर्मरवरून चांगले समजते. व्होल्टेज तेवढेच ठेवून वारंवारता कमी केली तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह वाढतो, त्यामुळे खालचे स्वर आधी सॅच्युरेट होतात (गाभ्याची मर्यादा गाठून त्यांचा आकार बिघडतो) आणि त्यांच्यातून तिसऱ्या हार्मोनिकसारखे (मूळ वारंवारतेच्या तिप्पट) नवे स्वर निर्माण होतात. साहजिकच ६० हर्ट्झला दिलेले मोठे बूस्ट ट्रान्सफॉर्मरच्या आधी असेल तर हे स्वर लक्षणीय वाढतात; नंतर असेल तर आधीच तयार झालेल्या ध्वनीची खालची बाजू फक्त मोठी होते. दोन स्वच्छ डिजिटल इक्यूंची अदलाबदल केली तर मात्र फरक पडत नाही. क्रमाचा प्रश्न अरेषीय, म्हणजे पातळीनुसार सिग्नलचा आकार बदलणाऱ्या, टप्प्यांपाशीच उद्भवतो, हे या वादात अनेकदा विसरले जाते.

१९९१ मध्ये प्रो टूल्स हे रेकॉर्डिंग व मिक्सिंगचे सॉफ्टवेअर आले आणि त्यानंतरच्या दशकात मिक्सिंग हळूहळू संगणकात शिरले. डिजिटल बस ही निव्वळ बेरीज असते. तरीही संगणकातले मिक्स सपाट वाटतात अशी तक्रार सुरू झाली आणि दोष बेरजेच्या गणितावर ढकलला गेला. प्रत्यक्षात उणीव होती ती कन्सोलमध्ये वाटेत होणाऱ्या डिस्टॉर्शनची (सिग्नलच्या विकृतीची). त्यावर २००० नंतर अनेकांनी मिक्सचे गट बाहेर काढून ॲनालॉग समिंग बॉक्समध्ये एकत्र करायला सुरुवात केली. तिथे जागेचा प्रश्न नव्हता, कारण असा बॉक्स शेवटीच बसतो. २००६ मध्ये वेव्ह्जने एसएसएल ४००० वर आधारलेले प्लगइन आणले, पण त्यांचा भर इक्यू आणि डायनॅमिक्सवर होता.

खरा पेच पुढे निर्माण झाला. स्लेट डिजिटलचे व्हर्च्युअल कन्सोल कलेक्शन आणि त्यापाठोपाठ वेव्ह्जचे एनएलएस यांनी इक्यू व कॉम्प्रेसर वगळून कन्सोलचा उरलेला स्वभाव वेगळा काढला आणि त्याचे चॅनलसाठी एक व बससाठी एक असे दोन प्लगइन केले. बसच्या प्लगइनची जागा उघड आहे. चॅनलच्या प्लगइनमध्ये मात्र लाइन इनपुट आणि फेडरनंतरचा ॲम्प्लिफायर हे दोन्ही टप्पे एकवटलेले असतात आणि ते दोन ठिकाणी ठेवता येत नाहीत. त्यात संगणकावरचे इन्सर्ट सहसा फेडरच्या आधी असतात, त्यामुळे फेडर खाली ओढला तरी प्लगइनमधले सॅच्युरेशन तेवढेच राहते. कन्सोलमध्ये फेडरनंतरचे टप्पे त्यासोबत शांत होत असत.

म्हणून प्लगइन कशाची नक्कल करते हे पाहूनच जागा ठरवणे योग्य, असे माझे मत आहे. लाइन ॲम्प्लिफायरसारखे वागणारे प्लगइन पहिल्या इन्सर्टवर शोभते, कारण तिथे ट्रॅकची सरासरी पातळी -१८ डीबीएफएसच्या (शून्य ही कमाल पातळी मानणाऱ्या डिजिटल मोजपट्टीवरच्या) आसपास आणून ते अपेक्षित बिंदूवर चालवता येते. बहुतेक प्लगइनमध्ये ० व्हीयू (ॲनालॉग मीटरवरची नेहमीची कामाची पातळी) याच पातळीशी जुळवलेले असते. एअरविंडोज कन्सोल या प्लगइनच्या जोडीची गोष्ट वेगळी आहे. त्यात चॅनलवर साइन फलन लावले जाते आणि बसवर त्याचे व्यस्त फलन, त्यामुळे एकच ट्रॅक वाजत असेल तर तो जवळपास मूळ रूपात परत मिळतो आणि बदल ट्रॅकच्या बेरजेतच जाणवतो. ही जोडी टिकण्यासाठी चॅनलचे प्लगइन शेवटीच हवे आणि फेडर शून्यावर ठेवून पातळी त्याच्या आधीच ठरवावी लागते.

काही सॉफ्टवेअरनी इन्सर्टचा आधारच सोडला. २००९ मध्ये आलेल्या हॅरिसन मिक्सबसने कन्सोलचा स्वभाव थेट मिक्सरमध्ये घातला, आणि स्टुडिओ वनच्या ३.२ आवृत्तीने बसवर बसून प्रत्येक चॅनलचा सिग्नल बेरजेपूर्वी हाताळणारी सोय दिली. शेजारच्या चॅनलचा आवाज झिरपण्याचा परिणामही तिथे साधता येतो. एकाच चॅनलचा सिग्नल पाहणाऱ्या साध्या इन्सर्टला तो साधत नाही, मग ते पहिले असो वा शेवटचे.