पाळीव पक्ष्यांची लिंगनिश्चिती

पिंजऱ्यातला पक्षी नर आहे की मादी हे ठरवण्याची पद्धत. बहुतेक पक्ष्यांची जननेंद्रिये शरीराच्या आत असल्याने बाहेरून काही दिसत नाही. म्हणून रंग, आवाज, वागणूक अशा आडवाटांनी अंदाज बांधला जातो. हा अंदाज पक्ष्याची जात, वय आणि रंगप्रकार माहीत असेल तेवढाच खरा.

काही जातींत प्रश्नच उरत नाही. इक्लेक्टस पोपटाचा नर हिरवा आणि मादी लाल-जांभळी. दोघांत इतका फरक, की एके काळी त्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. झेब्रा फिंच नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो. कंठवाल्या पोपटाच्या नराला कंठ, म्हणजे गळ्याभोवती रंगीत कडे, असतो खरा, पण तो उमटायला दीड ते तीन वर्षे लागतात. तोवर कंठ नाही म्हणून मादी ठरवणे चूक.

बजरीगर या छोट्या पोपटामध्ये चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा मांसल पट्टा बघतात. पूर्ण वाढलेल्या नरात तो निळा, मादीत फिकट पांढरट ते तपकिरी असतो. विणीच्या काळात मादीचा पट्टा गडद होऊन खरखरीत होतो. पिल्लांत मात्र फसगत ठरलेली. नर पिल्लाचा पट्टा सगळीकडे सारखा गुलाबी-जांभळा असतो. मादी पिल्लाचा बऱ्याचदा फिकट निळसर असतो आणि नाकपुडीभोवती पांढरे कडे दिसते. निळा दिसला की नर म्हणणारे इथेच चुकतात. शिवाय ल्युटिनो (पिवळ्या) आणि अल्बिनो (पांढऱ्या) रंगप्रकारांच्या नरांचा पट्टा आयुष्यभर गुलाबी-जांभळाच राहतो. प्रौढ नराचा निळा पट्टा तपकिरी होऊ लागला, तर ते वृषणातल्या गाठीचे लक्षण असू शकते. पक्षी डॉक्टरला दाखवावा.

लव्हबर्डच्या अनेक जातींत नर-मादी हुबेहूब सारखे असतात. श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालच्या, हाडांमधले अंतर बोटाने चाचपण्याची रीत जुनी आहे, पण वय आणि विणीच्या हंगामानुसार ते अंतर बदलते. तिच्यावर विसंबू नये. जोडी जमली म्हणजे नर-मादी, हेही खरे नाही. दोन माद्याही एकमेकींना चारा भरवतात आणि घरट्यात वांझ अंड्यांचा ढीग लागतो.

खात्रीचा मार्ग डीएनए चाचणीचा. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रे झेड-डब्ल्यू आणि नराची झेड-झेड असतात, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या उलट वेगळी जोडी मादीकडे. सीएचडी१ हे जनुक दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण त्यातल्या काही भागांची लांबी वेगळी असते. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, तो भाग वाढवून लांबीनुसार वेगळा केला, की नराच्या नमुन्यात सहसा एक पट्टी आणि मादीच्या नमुन्यात दोन दिसतात. त्यासाठी रक्ताचा थेंब किंवा नुकतेच उपटलेले पीस पुरते. पिंजऱ्यात गळून पडलेले पीस तितके भरवशाचे नाही. शहामृगात मात्र ही नेहमीची चाचणी चालत नाही, कारण त्याची दोन्ही लिंगगुणसूत्रे फारशी वेगळी झालेली नाहीत.

पूर्वी भूल देऊन डाव्या कुशीतून दुर्बीण घालत, कारण बहुतेक माद्यांत डावेच अंडाशय कार्यक्षम असते. त्यात जननेंद्रियांची अवस्थाही कळते, पण भुलेचा धोका असतो. नुसत्या लिंगनिश्चितीसाठी आता त्याची गरज उरलेली नाही.

एकट्या ठेवलेल्या पक्ष्याचे लिंगही कळलेले बरे: नराशिवायही मादी अंडी घालते, त्यात शरीरातले कॅल्शियम खर्च होते आणि अंडे अडकले तर ते जिवावर बेतू शकते.