सिंगापूरला कंपनी काढताय? भांडवलाचा आकडा सांगण्याआधी हे वाचा

‘कंपनी रजिस्टर झाली, आता फक्त बँकेचं तेवढं बघा’ असं म्हणत येणाऱ्या फाइलींवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि ग्राहकाचाही. म्हणून हे पत्रक.

सिंगापूरची बाजू तशी सरळ आहे. तिथल्या ‘अक्रा’ या नोंदणी खात्याचं शुल्क नावासाठी 15 आणि नोंदणीसाठी 300 सिंगापूर डॉलर. परदेशी मालकाला स्वतः अर्ज करता येत नाही, तिथला नोंदणीकृत एजंट लागतो. तिथे राहणारा किमान एक संचालक, स्थानिक पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही) आणि सहा महिन्यांच्या आत कंपनी सेक्रेटरी. अर्ज दुसऱ्या सरकारी खात्याकडे पाठवला गेला तर 14 ते 60 दिवस लागतात, एरवी काम झटपट होतं.

घोळ होतो तो इथे, भारतात. फेमाचे, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे, सध्याचे परदेशी गुंतवणुकीचे नियम 22 ऑगस्ट 2022 पासून लागू आहेत. तुमच्या भोसरीच्या किंवा शिरोलीच्या कंपनीने तिकडच्या खासगी कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती ‘ओडीआय’, म्हणजे परदेशातली थेट गुंतवणूक. क्रम ठरलेला आहे: संचालक मंडळाचा ठराव, बँकेत फॉर्म एफसी (ही गुंतवणूक कळवण्याचा फॉर्म), रिझर्व्ह बँकेचा यूआयएन (तिकडच्या कंपनीसाठीचा ओळख क्रमांक), आणि मग पैसे.

चूक कुठे होते? एजंट विचारतो, ‘भांडवल किती दाखवू?’ समोरच्या गिऱ्हाइकावर वजन पडावं म्हणून इकडून उत्तर जातं, ‘50,000 डॉलर.’ झालं! अक्राच्या बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे कंपनीच्या नोंदणी उताऱ्यावर, तुमच्या कंपनीच्या नावापुढे ‘पेड-अप कॅपिटल (भरलेलं भांडवल) 50,000’ असं छापून येतं. इकडच्या बँक स्टेटमेंटमध्ये मात्र एक रुपयाही गेलेला दिसत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे तिकडच्या मेव्हण्याने ‘तात्पुरते’ भरलेले असतात. बँक विचारते, शेअर तुमचे तर पैसे कोणाचे? याला कागदावर टिकेल असं उत्तर सापडत नाही. उशिरा कळवल्याबद्दल लेट सबमिशन फी लागते ती वेगळीच, आणि प्रकरण नियमित होईपर्यंत त्या कंपनीत पुढची गुंतवणूक थांबते. तोवर तिकडचं भाडं आणि सेक्रेटरीची फी चालूच.

आमची पद्धत अशी: कंपनी 1 डॉलर भांडवलावर काढायची. तो एक डॉलरसुद्धा फॉर्म एफसीत दाखवायचा. यूआयएन आला, तिकडचं खातं उघडलं की मोठी रक्कम पाठवून नवे शेअर घ्यायचे. तिकडचं बँक खातं हीच सगळ्यात वेळखाऊ पायरी आहे, तेव्हा कंपनी महिनाअखेरीस सुरू करायचं वचन कोणाला देऊ नका.

रक्कम पाठवताना दोन्हीकडचे बँक चार्जेस आपल्याकडे घ्या. नाहीतर 50,000 निघतात, मधली बँक आपला वाटा कापते आणि पोचतात थोडे कमी. मग शेअर वाटपाचा आकडा जुळत नाही. पैसे पाठवण्याचं कारण ‘गुंतवणूक’ असंच लिहा. मालाचा ॲडव्हान्स म्हणून पाठवलेले पैसे नंतर भांडवलात बसवता येत नाहीत. तुमच्या भारतातल्या कंपनीचं नावही सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखं हवं. इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटवर ‘अँड’ शब्दात असेल आणि सिंगापूरच्या भागधारक रजिस्टरात त्याचं चिन्ह असेल, तर बँक कागद परत पाठवते. पैसे गेल्यापासून सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेत द्यायचं असतं, हे बरेच जण विसरतात. तुमचं कर्जखातं एनपीए (थकीत) असेल तर त्या बँकेचा ना-हरकत दाखला आधी मागा. अर्ज केल्यापासून 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरतात.

एक गोष्ट स्वस्त पॅकेजवाले सांगत नाहीत. उलाढाल आणि मालमत्ता 1 कोटी सिंगापूर डॉलरच्या आत आणि माणसं 50 पर्यंत, यांतल्या दोन अटी पुऱ्या होत असतील तर तिथे ऑडिटची सूट मिळते (तुमची भारतातली मूळ कंपनीही त्या हिशेबात धरतात). पण ताबा तुमच्याकडे असेल तर दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत भारतात जो वार्षिक अहवाल, म्हणजे एपीआर, भरायचा तो ऑडिट झालेल्या हिशेबांवरच भरावा लागतो. म्हणजे सूट मिळूनही ऑडिटचा खर्च धरूनच चला. शिवाय 15 जुलैपर्यंत एफएलए रिटर्न, म्हणजे परदेशातली देणी आणि मालमत्ता यांचं विवरणपत्र.

‘तुम्ही आधी बँकेचा होकार का मागता, बाकीचे तर दोन दिवसांत कंपनी काढून देतात,’ हा प्रश्न नेहमीचा. कंपनी आम्हीही दोन दिवसांत काढून देऊ. फक्त बँकेला विचारल्याशिवाय काढत नाही. बँकेचं उत्तर येईपर्यंत नोंदणीची फी घेत नाही. पहिल्या बैठकीला तीन वर्षांचे ताळेबंद, इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, संचालकांचे पासपोर्ट आणि कर्जखात्यांची यादी आणा. नोंदणी आधीच करून बसला असाल तर बिझनेस प्रोफाइलची प्रतही आणा. त्यातला पेड-अपचा आकडा आम्ही सगळ्यात आधी बघतो.