मागच्या ॲक्सलचा आकडा आला कुठून?

जुनी गाडी घेतली की पहिल्याच लांबच्या फेरीत एक गोष्ट खटकते. ताशी ८०-९० किलोमीटरलाच इंजिन एवढं का ओरडतंय? अजून एक गिअर शिल्लक असेल असं वाटून हात नकळत लिव्हरकडे जातो, पण चौथा आधीच पडलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, "मागचा रेशो बदलून टाक." सल्ला चुकीचा नसेलही, पण तो रेशोचा आकडा कारखान्याने उगाच ठेवलेला नव्हता. त्यामागे त्या काळचे रस्ते, टायर, पेट्रोल आणि कधीकधी चक्क करवसुली होती.

आकडा काढायला सोपा. मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या (क्राउन व्हील) दात्यांना त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाच्या (पिनियन) दात्यांनी भागायचं. ४३ ला ११ ने भागलं की ३.९१. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) जवळपास चार फेरे. आकडा मोठा तर ओढ जास्त आणि वेग कमी, आकडा लहान तर उलट. (बोलताना 'हाय' आणि 'लो' रेशो हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरले जातात, तेव्हा सुटे भाग मागवताना दातेच सांगावेत.)

सुरुवातीच्या बऱ्याच गाड्या साखळीवर चालत. रेशो बदलायचा तर चकती बदलली की झालं. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल त्याही आधीचं, ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. खरी कलाटणी दिली लुई रेनोने. १८९८ च्या त्याच्या छोट्या गाडीत साखळी नव्हती. शाफ्ट थेट मागच्या ॲक्सलपर्यंत जात होता आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा फेरा गिअरबॉक्समधून जसाच्या तसा पुढे जात होता. ही 'डायरेक्ट' टॉपची पद्धत सगळ्यांनी उचलली. तिचा परिणाम असा की टॉपमध्ये इंजिन किती फिरणार हे आता एकटा मागचा ॲक्सल ठरवू लागला.

फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) हा आकडा ४०/११, म्हणजे ३.६४ होता. पुढे जायला गिअर दोनच, रस्ते बहुतांशी मातीचे, इंजिन २.९ लिटरचं पण ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर. एकाच आकड्याने चढही निभवायचा आणि सपाटीही. ते सगळ्यांना पुरेना, म्हणून रक्स्टेलसारखे दोन रेशोंचे जोड-ॲक्सल बाजारात आले आणि खपलेही.

ब्रिटनची गोष्ट निराळी. तिथे १९२१ पासून गाडीचा कर हॉर्सपॉवरवर लागू लागला आणि ती हॉर्सपॉवर मोजायचं सूत्र फक्त सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या बघे. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक, याचा त्यात उल्लेखच नव्हता. मग इंजिनं अरुंद आणि लांब झाली. १९३८ च्या मॉरिस एटचं ९१८ सीसी इंजिन बघा: व्यास ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ९०. अशा इंजिनाला जास्त फेरे सोसत नाहीत आणि मुळात ताकदही थोडीच. गाडी हलवायची तर मागचा आकडा मोठाच हवा. एमजी टीसीला ४१/८, म्हणजे ५.१२५ होता. तो 'स्पोर्ट्स' गाडीचा आकडा म्हणून आज कौतुकाने सांगितला जातो. माझ्या मते त्यात खेळापेक्षा कर जास्त आहे.

मॉरिस मायनरमध्ये तर हा सगळा इतिहास एकाच गाडीत वाचता येतो. १९४८ ला ती आली तेव्हा तेच जुनं ९१८ सीसी इंजिन आणि ४१/९, म्हणजे ४.५६. १९५२ ला ऑस्टिनशी विलीनीकरण झालं आणि ऑस्टिनचं ८०३ सीसी इंजिन आत बसलं. ते आणखी लहान, म्हणून पुढे या गाड्यांना ३७/७ मिळाला, ५.२९! १९५६ ला ९४८ सीसी आल्यावर पुन्हा ४१/९, आणि १९६२ ला १०९८ सीसीबरोबर ३८/९, म्हणजे ४.२२. इंजिनात दम आला तसा आकडा उतरत गेला. टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला तर ताशी १०० ला ५.२९ वर इंजिन ४,६०० च्या वर फिरतं, ४.२२ वर ३,७०० च्या आसपास. पण ८०३ सीसीची गाडी विकली जात होती तेव्हा ब्रिटनमध्ये मोटरवेच नव्हता. पहिला तुकडा, प्रेस्टन बायपास, डिसेंबर १९५८ मध्ये उघडला. तासभर ताशी १०० ने जाण्याचा प्रसंग त्या ॲक्सलच्या आखणीत बसतच नव्हता. दुसरी वाट ओव्हरड्राइव्हची. लेकॉक द नॉर्मनव्हिल युनिटने मागचा आकडा न बदलता वरचा एक लांब गिअर दिला.

अमेरिकेत उलटी ओढाताण. तिथे मोठी इंजिनं, म्हणून आकडे आधीच लहान. साठच्या दशकात शर्यतीच्या हौसेपोटी ३.९१ आणि ४.३० हे पर्याय कारखान्यातूनच मिळत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथेच जनरल मोटर्सच्या गाड्यांत ४१/१७, म्हणजे २.४१ पर्यंत आकडा खाली आला. त्या काळातली एखादी व्ही-८ मुळात मंद वाटली तर इंजिन उघडण्याआधी ॲक्सल बघावा.

दात्यांचा आकारही मधल्या काळात बदलला. रोचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने १९१३ मध्ये तिरक्या, वळणदार दात्यांचे गिअर कापणारं यंत्र आणलं आणि ॲक्सलचा आवाज बसला. त्याच कंपनीचं हायपॉइड गिअर पॅकार्डने १९२६-२७ च्या सुमारास वापरलं. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसतो, म्हणून शाफ्ट खाली जातो आणि गाडीची फरशीही. मोबदल्यात दाते एकमेकांवर घसरतात, म्हणून त्यांना खास तेल लागतं. वर्म गिअरच्या, म्हणजे पिनियनऐवजी स्क्रूसारखे आटे असलेल्या, ॲक्सलमध्ये (पूजो ४०४ मध्ये तो होता) कांशाचं चाक असतं, तिथे हेच हायपॉइड तेल घालणं महागात पडू शकतं.

आकडे असे विचित्र का, ४ किंवा ४.५ असे सरळ का नाहीत? ४० आणि १० दाते ठेवले तर पिनियनचा ठरावीक दाता क्राउनच्या त्याच चार दात्यांना कायम भेटत राहतो. ४१ आणि १० ठेवले तर प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज सारखी होते. म्हणून ३७, ४१, ४३ हे आकडे सारखे दिसतात. फोर्डच्या नऊ इंची ॲक्सलला मात्र ३.५० सारखे सरळ रेशोही होते. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर आकड्यांच्या मध्ये 'एल' अक्षर असेल तर आत लिमिटेड-स्लिप, म्हणजे एकाच चाकाला मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल, आहे.

पट्टी किंवा केसिंगवरचे ठसे मात्र गाडी निघाली त्या दिवसाची साक्ष देतात. मधल्या ५०-६० वर्षांत आतला ऐवज कितीदा बदलला कोण जाणे. त्यामुळे मोजणंच बरं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक स्टँडवर उचललेलं. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे हिशेबाचा एक. एका फेऱ्यात ३.९ आणि ४.१ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. चाक २० वेळा फिरवा: शाफ्टचे ३९ फेरे भरतात की ४१, हे चुकत नाही. लिमिटेड-स्लिप असेल तर चाक असं फिरणारच नाही. मग दोन्ही चाकं उचलून ती एकाच दिशेने फिरवावी लागतात, आणि तिथे दोनाचा एक हा हिशेब लागत नाही.

मायनरवाल्यांचा आवडता बदल म्हणजे पुढच्या काळातल्या एमजी मिजेटचा ४३/११. ॲक्सलचं घराणं एकच, म्हणून तो बसतो. १०९८ सीसीवर चांगला चालतो. ८०३ वर लावला तर चौथा गिअर उतारासाठी राखीव झाला असं समजावं. आणि वेगमापक गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून फिरतो, त्याला ॲक्सलमधली अदलाबदल ठाऊक नसते. ५.२९ काढून ३.९१ घातलेल्या गाडीत खरे १०० असताना काटा ७४ वर असतो, आणि किलोमीटरही त्याच हिशेबाने कमी नोंदले जातात.