गाजर गवत : सोलापुरातील अंगण-परसातली ओळख आणि बंदोबस्त

गाजर गवत (शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, इतर नावे काँग्रेस गवत, पांढरफुली, चटकचांदणी, तेलुगूत वय्यारिभामा) ही सूर्यफुलाच्या कुळातली विषारी रानटी वनस्पती आहे. नावात गवत असले तरी तिचा गवताशी संबंध नाही. तिचे मूळ घर उष्ण कटिबंधातील अमेरिका. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात तिची नोंद झाली आणि तिथून ती देशभर पसरली. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हातून बी आले, हा समज सर्वत्र आहे. सोलापुरात पावसाळ्यात मोकळे प्लॉट, बंद गिरण्यांची आवारे, रेल्वेरुळांच्या कडा आणि घरांची परसे तिने भरून जातात.

ओळख

कोवळे रोप जमिनीला चिकटून चक्राकार पसरते. पाने गाजराच्या पानांसारखी खोल कातरलेली असतात, पण रंग राखाडीकडे झुकणारा आणि पृष्ठभाग बारीक लवेने खरखरीत असतो. ओळख पटवण्याची आणि उपटण्याची हीच सर्वांत सोयीची अवस्था, आणि नेमकी याच वेळी तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे मधून खोड वर येते. त्यावर उभ्या रेघा असतात, वरच्या भागात फांद्यांचा पसारा होतो. चांगल्या ओलीत झाड १ ते १.५ मीटर उंच वाढते. फांद्यांच्या टोकांना चार-पाच मिलिमीटरची पांढरी फुले येतात. प्रत्येक फूल म्हणजे अनेक सूक्ष्म फुलांचे स्तबक असून भिंगातून पाहिल्यास त्याला पाच कोपरे दिसतात. प्रत्येक कोपऱ्यात एक, याप्रमाणे एका स्तबकात पाच बिया धरतात. एका मोठ्या झाडावर १५ ते २५ हजार बिया तयार होऊ शकतात.

चुकून चांगली रोपे उपटली जाऊ नयेत म्हणून तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात. झेंडूच्या रोपाची खालची पाने समोरासमोर येतात आणि चुरडल्यावर त्यांना उग्र ओळखीचा वास येतो; गाजर गवताची पाने एकाआड एक असतात. एकदांडीचे झुडूप जमिनीवर सरपटते, तिच्या लांब दांड्यावर एकच फूल असते व त्याचा मध्य पिवळा असतो. कोथिंबिरीचे पान गुळगुळीत असते आणि कोथिंबीर व गाजर दोन्हींच्या पानांना आपापला वास असतो. शेवंतीच्या वाफ्यात मात्र घोटाळा सहज होतो, म्हणून तिथे रोप थोडे मोठे होऊन लव स्पष्ट दिसेपर्यंत थांबलेले बरे.

विष कशात असते

झाडाच्या सर्व भागांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. पानांवरची लव आणि फुले यांत ते विशेष. झाड वाळले तरी ते नाहीसे होत नाही. उन्हाळ्यात वाळून भुगा झालेली झाडे वाऱ्यावर उडाली की तेच द्रव्य धुळीबरोबर अंगावर बसते. परागांमुळे शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे आणि दमा असणाऱ्यांना धाप लागणे हे त्रास होतात.

त्वचेचा विकार बहुधा पहिल्या स्पर्शाला होत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे संपर्क आल्यावर शरीर त्या द्रव्याला अतिसंवेदनशील होते. त्यानंतर संपर्क आला की साधारण एक-दोन दिवसांत पापण्या, मान, कोपराच्या व गुडघ्यामागच्या घड्या येथे लाली, खाज, पुरळ उठते आणि कातडी जाड होते. एकदा अशी संवेदनशीलता आली की ती सहसा जात नाही. ‘मी दरवर्षी हातानेच उपटतो, मला काही होत नाही’ हा आधार म्हणूनच फसवा आहे. ज्यांना असा त्रास सुरू झाला आहे त्यांनी हे काम करूच नये, हातमोजे घालूनही नाही, कारण लव आणि पराग हवेतून येतात. शेवंती, सूर्यफूल अशा त्याच कुळातल्या फुलांचाही त्यांना त्रास होऊ शकतो. निदान त्वचारोगतज्ज्ञ पॅच चाचणीने (संशयित द्रव्याची पट्टी कातडीवर चिकटवून) करतात. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम खाज दाबते, पण कातडी पातळ करते आणि संपर्क चालूच राहिल्याने विकार वाढत राहतो.

जनावरे हे झाड सहसा टाळतात. चारा कमी असला की मात्र कापलेल्या वैरणीत ते मिसळून जाते. गाई-म्हशींच्या दुधाला कडवट चव येते. जास्त प्रमाणात पोटात गेल्यास तोंडात व आतड्यात फोड येऊन जनावर दगावू शकते.

सोलापुरात ते का फोफावते

इथे पाऊस कमी आणि अनियमित असतो. बऱ्याच वर्षी मृगाच्या सरींनंतर उघाड पडते आणि खरी ओल उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसात होते. गाजर गवताच्या बीला ठराविक ऋतू लागत नाही. ओल मिळाली की ते उगवते, म्हणून वर्षातून दोन-तीन पिढ्या सहज होतात. मोरीचे सांडपाणी जिथे मुरते, टाकीचा नळ जिथे ठिबकतो, तिथे ते भर उन्हाळ्यातही हिरवे सापडते. काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांत बी खोल जाते आणि पुढच्या मशागतीत वर येते. नव्या वसाहतींत त्याचे मोठे साधन म्हणजे भरावाचा मुरूम, माती आणि शेणखताची ट्रॉली. भराव टाकलेल्या जागेवर पहिल्या पावसानंतर तीन आठवडे बारीक नजर ठेवावी.

उपटण्याचे वेळापत्रक

उगवल्यापासून साधारण २८ ते ३० दिवसांत झाडाला फुले येऊ लागतात. सगळे काम या आकड्याभोवती बेतावे लागते. पहिल्या चांगल्या पावसानंतर २० ते २१ दिवसांनी पहिली फेरी, त्यानंतर पाऊस असेपर्यंत दर तीन आठवड्यांनी एक, आणि परतीच्या पावसानंतर आणखी एक. थंडीत रोप उंच न होता चक्राकारच पसरून राहते. ते मेल्यासारखे दिसले तरी ऊन वाढताच फुलावर येते, म्हणून जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, एक फेरी ठेवावी.

दिवस निवडताना वाफसा पाहावा. काळ्या रानात फार ओल असेल तर चिखल होतो, कोरडे असेल तर सोटमूळ तुटते आणि जमिनीलगतच्या गड्ड्यातून झाड पुन्हा फुटते. पावसानंतर दोन-तीन दिवसांनी खुरप्याने बुडाशी माती सैल करून मुळासकट काढावे. विळ्याने किंवा कटरने वरवर कापणे हा सर्वांत जास्त होणारा घोटाळा आहे. कापलेले झाड बुडातून फुटते आणि वीतभर उंचीवरच फुलते, मग ते नजरेलाही पडत नाही.

हातांत रबरी मोजे घालावेत. कापडी मोजे रस शोषून तो कातडीवरच धरून ठेवतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, नाक-तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर साधा चष्मा असावा. वारा नसताना, सकाळी काम उरकावे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत आणि कपडे घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

विल्हेवाट

फूल न आलेली झाडे खड्ड्यात शेणकाल्याचे आणि मातीचे थर देऊन कुजवता येतात. पूर्ण कुजलेले खत वापरायला हरकत नाही. फुलावर आलेले एकही झाड त्यात टाकू नये. घरगुती खड्ड्यात उष्णता पुरेशी वाढत नाही, बी जिवंत राहते आणि खत पसरले की वाफाभर तेच उगवते. उपटलेल्या झाडावरच्या अर्धवट भरलेल्या बियाही पुढे पिकू शकतात. अशी झाडे जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात महिनाभर ठेवावीत, मगच कचऱ्यात द्यावीत. जाळू नयेत, धूर आणि उडणारी राख त्रासदायक असते.

मीठ आणि तणनाशक

एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ हा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने पाने करपतात, पण जुने झाड बुडातून पुन्हा फुटते. खरा तोटा जमिनीचा होतो. सोडियममुळे काळ्या मातीचे कण सुटून ती चोपण होते, पाणी मुरेनासे होते. फरशीच्या सांध्यांपुरतेही मिठापेक्षा उकळते पाणी ओतणे बरे. कोवळी रोपे त्याने मरतात.

ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण सेवा देणाऱ्यांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली, त्यामुळे घरी ते फवारणे हा मार्ग धरू नये. टू-फोर-डी हे तणनाशक गाजर गवतावर चालते, पण त्याचे तुषार वाऱ्याने द्राक्षवेल, कापूस किंवा टोमॅटोवर गेले की पाने वेडीवाकडी होतात. द्राक्षबागा असलेल्या भागात, मांडवावर वेल चढवलेल्या घरी तर ते बाटलीबाहेर काढूच नये.

भुंगा आणि झाकणारी झाडे

मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा बायकलोराटा) हा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला. तो सहा मिलिमीटरचा, फिकट पिवळसर असून पाठीवर गडद नागमोडी रेघा असतात. भुंगा व अळी दोन्ही पाने खातात. तो पावसाळ्यात जमिनीतून बाहेर येतो आणि कोरड्या महिन्यांत पुन्हा मातीत दडतो, त्यामुळे पाऊस लांबला की तो उशिरा येतो आणि झाड त्याआधीच फुलते. मोकळ्या मैदानांसाठी तो उपयोगी आहे, पण दोन गुंठ्यांच्या परसात त्याच्यावर विसंबू नये. सूर्यफुलाचे नुकसान होईल ही शंका १९९० च्या सुमारास निघाली होती. तिथे त्याचा उपद्रव किरकोळच आढळला.

उपटून उघडी पडलेली जमीन तशीच सोडली तर पुढच्या सरीला ती परत भरते. पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे बी दाट फेकावे किंवा झेंडू लावावा. टाकळ्याच्या शेंगा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याकडेला वाळलेल्या मिळतात, त्याची कोवळी भाजीही होते. बी टाकायचे नसेल तर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन करावे. गाजर गवताच्या बीला वर उजेड आणि उघडी माती लागते.

मातीत गाडलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणून नियमित फेऱ्या केल्या तरी दुसऱ्या वर्षी रोपे दिसतातच, फक्त विरळ. तीन-चार पावसाळे एकही झाड फुलू दिले नाही तर परस जवळपास मोकळे होते; त्यानंतर शेजारच्या प्लॉटकडची कडा आणि सांडपाण्याचा पाट एवढेच पाहावे लागतात.